धाव चढवायची जागा

अंगणात हा काळा गोल दिसतोय ना, तो चुलीचा नाहीये. इथं बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढायची. रावेर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, आणि मागं मातीच्या भिंती दिसतायत तो आबा सुतारांचा कारखाना. जागेच्या जुन्या खरेदीखतावर जिल्हा 'पूर्व खान्देश' लिहिलाय, म्हणजे कागद १९०६ नंतरचा आणि १९६० च्या आधीचा, कारण १९६० ला जिल्ह्याचं नाव जळगाव झालं.

आबांनी आमच्यासाठी एक चाक परत बांधलं. मधला तुंबा बाभळीचा. वाकस या तासायच्या हत्याराने आरे तासून तुंब्यात ठोकले, मग बाहेरची वळणदार लाकडं एकेक करून बसवली. खरी गंमत पुढे आहे. लोखंडी धाव मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लालभडक तापवायची, तापली की ती फुगते, मग चौघांनी सांडशीने उचलून चाकावर टाकायची आणि लगेच पाणी. हा आवाज ऐका. लोखंड आकसलं, सगळे सांधे आपोआप आवळले गेले, एक खिळा नाही की फेव्हिकॉल नाही. अशा चाकांवर केळीचे घड सावद्याच्या स्टेशनला जायचे, कापूस जिनिंगला जायचा.

मग रबरी टायरची गाडी आली, मग ट्रॅक्टर. मुलं सुरतला गेली, कारखाना बंद पडला.

आबांच्या नातवाला इथं राहायचं होतं. सगळ्यांनी सांगितलं स्लॅब टाक. त्याने वरचे पत्रे काढले, कारण उन्हाळ्यात इथं पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, भिंती मात्र तशाच ठेवल्या, फक्त शेणामातीने लिंपल्या. गवताचं छप्पर घालायला डोंगरातून दोन पावरा आदिवासी दादा आले, त्यांच्या हातांकडे बघा. आधी आढं, त्यावर सागाचे वासे, वर आडव्या बांबूच्या कामट्या, अंबाडीच्या दोरीने बांधलेल्या. गवत दिवाळीनंतर कापलेलं, पूर्ण वाळलेलं, त्याच्या पेंढ्या वळचणीपासून वर वर लावत जायच्या, वरची पेंढी खालच्या दोरीवर आलीच पाहिजे म्हणजे दोरी भिजत नाही. छपराला उतार चांगला हवा, पाणी थांबलं की गवत कुजलंच. गवतात थोडं रोशा, म्हणजे सुवासिक गवत, आहे, वास कॅमेऱ्यात येत नाही पण त्या दिवशी सगळ्या अंगणात तोच होता. एवढं शिकलेले हात आपल्या शेजारच्या डोंगरात आहेत आणि आपण घर म्हटलं की सिमेंटच्या दुकानात जातो, मला हे पटत नाही.

आगीला जपावं लागणार आणि काही वर्षांनी परत शाकारावं लागणार, ते नातवाला माहितीये.

आबांची ऐरण दाराशीच ठेवलीय, आता तिचा बसायला उपयोग होतो. नवं चाक भिंतीला टेकवून उभं आहे.

पहिला पाऊस रात्री आला, आम्ही तिथं नव्हतो, हे नातवाने मोबाईलवर काढलंय. वळचणीतून धार पडतेय, काळ्या गोलात पाणी साचलंय. आत बाजेवर झोपलेत ते आबा.