बाबूजींच्या स्वरामागचे व्हायोलिन

नमस्कार. बेळगावच्या शहापूर भागातील माझ्या शिकवणीच्या खोलीतून मी आपल्याशी बोलत आहे. शेजारच्या गल्लीत माग आहेत आणि ते चालू असले की त्यांचा खडखडाट मायक्रोफोनमध्ये हमखास उतरतो, म्हणून हे चित्रीकरण मी मागवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीत उरकून घेत आहे.

मी व्हायोलिन वाजवतो आणि शिकवतो. आपल्या या सीमाभागात अभंग, भावगीते, कन्नड दासरपदे, म्हणजे हरिदास संतांची भक्तिगीते, असे जे काही ध्वनिमुद्रित होते, त्यात साथीला बसणे हा माझा व्यवसाय आहे. ध्वनिमुद्रण तयार झाल्यावर घरची मंडळी आणि शेजारी ते कौतुकाने ऐकतात आणि मग एक प्रश्न ठरलेला असतो: गाणे तर ऐकले, पण यात तुम्ही नेमके काय वाजवले आहे? हा प्रश्न मला कधीच खटकला नाही. त्याचे उत्तर मात्र दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून आज एका जोडीच्या आधाराने ते देण्याचा प्रयत्न करणार आहे. गायक आणि संगीतकार सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे व्हायोलिन वाजवणारे, त्यांचे सहायक म्हणून काम केलेले प्रभाकर जोग, ही ती जोडी.

बाबूजींचा जन्म १९१९ साली कोल्हापुरात झाला, त्यामुळे आपल्याकडील जुन्या पिढीने त्यांना कायम शेजारच्या गावचा माणूस मानले. जोग त्यांच्याहून तेरा वर्षांनी धाकटे. जन्म डिसेंबर १९३२ मधला. हे अंतर मी मुद्दाम सांगितले, कारण १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले तेव्हा जोगांनी वयाची तेविशीही पूर्ण केलेली नव्हती, आणि त्या वाद्यवृंदात व्हायोलिन त्यांच्या हाती होते.

त्या वर्षाची कामाची गती लक्षात घेतल्याशिवाय साथीदाराचे काम कळत नाही. ग. दि. माडगूळकर दर आठवड्याला नवे गीत लिहीत, बाबूजी त्याला चाल लावीत, आणि ठरलेल्या दिवशी ते गीत श्रोत्यांपर्यंत पोहोचलेच पाहिजे असा नियम होता. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या बावन्नावर न थांबता ५६ झाली. आता साथीदाराच्या जागी बसून याचा विचार करा. कविता हाती येईपर्यंत चाल नाही, चाल होईपर्यंत वाद्यांचे काही ठरत नाही, आणि गायकही प्रत्येक गीतागणिक बदलणारे, कारण रामायणातील वेगवेगळ्या पात्रांसाठी वेगवेगळे आवाज योजलेले होते. अशा वेळी सारा भार नोटेशनवर येतो. संगीतकार चाल गाऊन दाखवत असतानाच ती स्वरांत उतरवायची, ध्रुवपद आणि अंतरा यांच्यामध्ये कोणता पीस, म्हणजे वाद्यांचा तुकडा, येईल ते लिहून काढायचे आणि तासाभरात ते सर्व वादकांपुढे ठेवायचे, हे काम ज्याला जमते तोच पुढे सहायक संगीत दिग्दर्शक होतो. चाल ऐकून लगेच कागदावर उतरवणे ही काय मोठी गोष्ट, असे कोणाला वाटत असेल, तर त्याने ओळखीच्या एखाद्या अभंगाची एकच ओळ लिहून पाहावी. स्वर सापडतात, पण दोन स्वरांमधली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, आणि ओळ सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, सोडून नेमकी कुठे सुरू होते ते कागदावर आणताना घाम फुटतो.

आता प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाकडे येतो. आज मी स्टुडिओत एकटा जातो, कानाला हेडफोन लावतो, आधी तयार असलेल्या तालावर माझा भाग वाजवतो आणि निघून येतो. गायक चार दिवसांनी येऊन गातो; कित्येकदा त्याची आणि माझी भेटही होत नाही. पन्नास-साठच्या दशकांत असे नव्हते. गायक आणि सर्व वादक एकाच खोलीत, मोजक्याच मायक्रोफोनपुढे बसत, आणि कोणाचा आवाज किती यावा हे कोण किती अंतरावर बसतो यावर ठरत असे. व्हायोलिन हे भेदक वाद्य आहे. ते गायकाच्या जवळ सरकले की शब्द झाकले जातात, म्हणून व्हायोलिनवादकाला मागे बसावे लागे, आणि मागे बसूनही गायकाच्या ओठांवर नजर ठेवावी लागे. शेवटच्या अंतऱ्यात एकाचा हात चुकला तरी सर्वांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्यात जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत, त्यामुळे प्रत्येक पीस मोजूनमापून बसवावा लागे. मराठी भावगीतांतील ते दोन-चार आवर्तनांचे घोटीव पीस आपल्याला आजही तोंडपाठ असतात, यामागे ही सव्वातीन मिनिटांची शिस्त आहे, असे माझे मत आहे.

येथे आपल्या गावाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बेळगावला साथीची मोठी परंपरा आहे, आणि ती प्रामुख्याने हार्मोनियमची आहे. कागवाडला जन्मलेले आणि बेळगावात आयुष्य घालवलेले पंडित रामभाऊ विजापुरे यांनी कितीतरी थोर गायकांना साथ केली. मात्र आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद केले होते. या वाद्याच्या पट्ट्यांचे स्वर आधीच ठरलेले असतात, त्यांतून मींड निघत नाही, असा आक्षेप होता. हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो, कारण रामभाऊंसारखा वादक पट्ट्यांच्या मर्यादेतूनही गायकाच्या स्वराला किती जवळ जातो हे आम्ही समोर बसून ऐकले आहे. तरीही व्हायोलिनला एक गोष्ट जन्मतःच मिळालेली आहे हे मान्य केले पाहिजे. त्याच्या पट्टीवर घरे आखलेली नाहीत; बोट जिथे घसरेल तिथे स्वर आहे. बाबूजींच्या गाण्यात दोन स्वरांमधला जो हळुवार उतार आहे, त्याच्या मागोमाग व्हायोलिन जाऊ शकते.

(व्हायोलिन हातात घेऊन)

हे जवळून पाहा. हा गज. याला घोड्याचे केस असतात आणि त्यांवर राळ घासल्याशिवाय तारेतून आवाज निघत नाही. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की हे केस सैल पडतात, आणि जून ते सप्टेंबर मला गज पुन्हा पुन्हा आवळावा लागतो. आता मी एकच शब्द वाजवतो: विठ्ठल. आधी तो एकाच गजात वाजवतो. ऐकलेत? स्वर बरोबर आहेत, पण शब्द कळत नाही. केवळ एक लांब रेघ ऐकू येते. आता दुसऱ्यांदा. ‘वि’ला गज छोटा ओढला, ‘ठ्ठ’च्या जागी तारेवरच क्षणभर थांबवला, आणि ‘ल’ला दिशा बदलून सोडून दिला. या वेळी आपल्याला शब्द ऐकू आला असेल. जोगांनी लोकप्रिय गीतांचे केवळ व्हायोलिनवर जे वादन ध्वनिमुद्रित केले, त्याला ‘गाणारं व्हायोलिन’ हे नाव मिळाले, आणि ते नाव सर्वार्थाने खरे आहे. तिथे गज अक्षरे उच्चारतो. बाबूजींचा शब्दोच्चार किती स्वच्छ होता हे सर्वांना ठाऊक आहे. असा उच्चार वर्षानुवर्षे हातभर अंतरावरून ऐकणाऱ्या वादकाच्या गजात तो उतरला असणार, असे मी माझ्या अनुभवावरून समजतो.

साथीतील सर्वांत अवघड भाग कोणता, असे मला विचाराल तर मी गायकाचा श्वास असे सांगेन. सुरुवातीच्या काळात मी एका ध्वनिमुद्रणाला बसलो होतो. गाणाऱ्या बाई वयस्क होत्या. सकाळी त्यांनी एक दासरपद गायले आणि दुपारी अभंग. त्यांची ओळ संपली रे संपली की मी लगेच तिथे माझी जागा घेत होतो, आणि रिकामी जागा भरली याचे मला समाधानही वाटत होते. तिसऱ्या टेकला त्यांनी गाणे थांबवले, माझ्याकडे वळून पाहिले आणि म्हणाल्या, “बाळा, मला श्वास तरी घेऊ दे की!” त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण ओळ संपल्यानंतरचा तो अर्धा क्षण गायकाचा असतो, त्यात त्याची पुढची ओळ तयार होत असते, आणि त्याच क्षणात मी वाजवत राहिलो तर त्याला माझ्या स्वरावरून उडी मारून आत यावे लागते, हे मला त्या दिवशी समजले. तेव्हापासून मी ओळ संपल्यावर मनात एक मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, सोडतो आणि मगच गज टेकवतो. त्या ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर वादकांपैकी कोणाचेही नाव छापले गेले नाही. त्याचे वाईट वाटले, आजही वाटते. गायक, गीतकार आणि संगीतकार यांच्या खाली वादकांसाठी एक ओळ सोडायला फारशी जागा लागत नाही.

या जोडीच्या बाबतीत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट यापुढची आहे. जोग स्वतः संगीतकार झाले. मालती पांडे यांनी गायलेले ‘लपविलास तू हिरवा चाफा’ हे गीत माडगूळकरांचे आणि चाल जोगांची. पुढे यशवंत देवांच्या शब्दांना त्यांनी चाल लावली, ‘स्वर आले दुरुनी’, आणि ती गायली कोणी, तर स्वतः बाबूजींनी. ज्यांच्या चाली लिहून घेतल्या, ज्यांच्या श्वासाप्रमाणे गज सोडला, ते आता आपल्या सहायकाने बांधलेल्या चालीत गात होते. बाबूजी स्वतः श्रेष्ठ दर्जाचे संगीतकार होते. दुसऱ्याची चाल घेताना अशा माणसाला स्वतःचे बरेच काही बाजूला ठेवावे लागते. आणि जोगांना तो गळा इतका परिचित होता की कोणता स्वर त्यात कसा उमटेल हे त्यांना पेटीवर बोट ठेवण्याआधीच माहीत असले पाहिजे. गायकाला ओळखून बांधलेली चाल कशी असते हे ज्यांना शिकायचे आहे, त्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच गाणे आधी ऐकवतो.

आपणही ते आज रात्री ऐका, शक्यतो मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून. पहिल्यांदा नेहमीसारखे ऐका. दुसऱ्यांदा शब्दांकडे लक्ष देऊ नका. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षरानंतर वाद्ये कधी सुरू होतात, गायक परत येण्याआधी ती कुठे थांबतात आणि मध्ये किती जागा मोकळी राहते, एवढेच मोजा. किती मात्रा मोजल्या ते खाली लिहून कळवा. पुढच्या भागात त्याच जागा मी व्हायोलिनवर वाजवून दाखवणार आहे. तिकडे माग सुरू झाले आहेत, त्यामुळे आता थांबतो.