नोड जेएसची सुरुवात कोठून करावी?

श्रोतेहो, नमस्कार.

ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ज्यांना थोडीफार लिहिता येते आणि आता सर्व्हरवर चालणारे प्रोग्रामही लिहायला शिकावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आजचे हे भाषण आहे. विषय आहे नोड जेएस, म्हणजे जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारे साधन. त्याची सुरुवात कोठून करावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. पुष्कळ नवशिके पहिल्याच दिवशी एखादे मोठे फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, उतरवून घेतात, त्यातला तयार नमुना चालवून पाहतात, आणि पुढे काही अडले की नेमके कोठे अडले हेच त्यांना उमगत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की सुरुवातीला बाहेरचे एकही पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, घेऊ नये. नोडबरोबर जे मिळते तेवढ्यावरच एक लहानसा सर्व्हर लिहावा, आणि हा प्रोग्राम एकाच वेळी अनेकांची कामे कशी सांभाळतो, ते स्वतः करून पाहावे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट तयार केली. २००८ मध्ये गूगलने क्रोम ब्राउझर आणला, आणि जावास्क्रिप्ट अतिशय वेगाने चालवणारे त्यातले व्ही-८ हे इंजिन मुक्त स्रोत म्हणून सर्वांसाठी खुले केले. पुढच्याच वर्षी रायन डाल यांनी हे इंजिन ब्राउझरबाहेर काढून त्याला फाइली आणि नेटवर्क हाताळण्याची सोय जोडली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत ते लोकांपुढे ठेवले. त्या काळी अनेक सर्व्हर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रोसेस किंवा थ्रेड, म्हणजे ओळीने काम करणारा एक धागा, राखून ठेवत असत. डेटाबेसकडून उत्तर येईपर्यंत तो थ्रेड नुसता थांबून राही, आणि जोडण्या हजारोंच्या घरात गेल्या की मेमरी या थांबण्यातच खर्ची पडे. डाल यांनी वेगळी रचना केली. आपला जावास्क्रिप्ट कोड एकाच थ्रेडवर चालतो. एखादे काम वेळ घेणारे असेल तर ते सोपवून द्यायचे, उत्तर आल्यावर कोणते फंक्शन चालवायचे हे सांगून ठेवायचे, आणि पुढच्या कामाला लागायचे. ही व्यवस्था सांभाळणाऱ्या चक्राला इव्हेंट लूप म्हणतात. ज्यांनी ब्राउझरमध्ये बटणावरच्या क्लिकसाठी फंक्शन लिहिले आहे, त्यांना ही पद्धत मुळात परकी नाही.

आज नोडचा कारभार ओपन जेएस फाउंडेशन या संस्थेकडे आहे. एमआयटी परवान्यामुळे तो व्यावसायिक कामासाठीही विनामूल्य वापरता येतो. नोडच्या अधिकृत संकेतस्थळावरून तो उतरवून घेताना ज्या आवृत्तीपुढे एलटीएस ही अक्षरे असतील, म्हणजे दीर्घ मुदतीचा आधार असेल, तीच आवृत्ती घ्यावी. ती बसवून झाली की टर्मिनल उघडावे, नोड असे लिहून एक जागा सोडून उणे चिन्ह आणि व्ही हे अक्षर टाइप करावे आणि एंटर दाबावे. आवृत्तीचा क्रमांक दिसला, की यंत्र तयार आहे असे समजावे.

आता सर्व्हर. एका फाइलमध्ये नोडचे एचटीटीपी हे अंगचेच मॉड्यूल मागवायचे, क्रिएट सर्व्हर या फंक्शनला आपले एक फंक्शन द्यायचे, आणि लिसनमध्ये ३००० हा पोर्ट, म्हणजे सर्व्हरने विनंत्या ज्यावर ऐकायच्या तो क्रमांक, सांगायचा. आपल्या फंक्शनला दोन वस्तू मिळतात, आलेली विनंती आणि द्यायचे उत्तर. उत्तरात 'नमस्ते' असा मजकूर पाठवून पाहावा. येथे मराठीत काम करणाऱ्यांनी जरा थांबावे. उत्तराच्या हेडरमध्ये मजकुराचा प्रकार आणि यूटीएफ-८ हे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत, सांगितले नाही, तर देवनागरीऐवजी ब्राउझरमध्ये अगम्य चिन्हे उमटण्याची शक्यता असते. दुसरी गोष्ट लांबीची. जावास्क्रिप्टच्या हिशेबाने 'नमस्ते' या शब्दाची लांबी ६ भरते, कारण हलन्त आणि मात्रा स्वतंत्रपणे मोजल्या जातात. पण यूटीएफ-८ मध्ये यातला प्रत्येक घटक ३ बाइट घेतो, म्हणजे नेटवर्कवरून १८ बाइट जायला हवेत. कोणी उत्साहाने उत्तराची लांबी ६ अशी हाताने लिहून दिली, तर ब्राउझर ६ बाइट वाचून थांबतो आणि पडद्यावर फक्त 'नम' उरते. ही चूक रोमन मजकुरात कधीच उघडी पडत नाही. लांबी द्यायचीच असेल, तर ती बफरच्या बाइट लेंथ या फंक्शनने मोजावी.

यानंतरचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच सर्व्हरमध्ये आणखी एक पत्ता जोडावा, समजा, रोमन अक्षरांत 'हिशोब'. त्या पत्त्यावर विनंती आली की व्हाइल लूपने घड्याळ पाहत १० सेकंद नुसते फिरत राहायचे आणि मग उत्तर द्यायचे. सर्व्हर पुन्हा सुरू करावा, ब्राउझरच्या एका टॅबमध्ये 'हिशोब' उघडावा आणि लगेच दुसऱ्या टॅबमध्ये साधे मुखपृष्ठ उघडावे. जे मुखपृष्ठ एरवी क्षणात येत होते, तेही पहिला लूप संपेपर्यंत येत नाही. एकच थ्रेड आहे, आणि तो आपण अडवून ठेवला आहे. आता लूप काढून टाकून त्याच्या जागी सेट टाइमआउट वापरावे आणि उत्तर १०,००० मिलिसेकंदांनी पाठवावे. 'हिशोब' आताही १० सेकंद घेईल, परंतु मुखपृष्ठ तत्काळ उघडेल. वेळ दोन्हीकडे सारखाच लागला. फरक एवढाच, की पहिल्या वेळी थ्रेड राबत होता आणि दुसऱ्या वेळी मोकळा होता. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, म्हणजे कॉलबॅक, प्रॉमिस, असिंक आणि अवेट या, थ्रेड न अडवता उत्तराची वाट पाहण्याच्या सोयींची गरज का पडली, हे कोणी वेगळे समजावून द्यावे लागत नाही. मोठी गणिते किंवा व्हिडिओवरची प्रक्रिया यांचा भार मुख्य थ्रेडवर टाकू नये, हेही त्यातूनच कळते. अशा कामांसाठी नोडमध्ये वर्कर थ्रेडची, म्हणजे मुख्य थ्रेडच्या बाजूला चालणाऱ्या वेगळ्या थ्रेडची, सोय आहे.

पॅकेजची पाळी यानंतर येते. नोडबरोबर एनपीएम हे पॅकेजे आणून बसवणारे साधन आपोआप बसते आणि त्याच्या भांडारात लक्षावधी पॅकेजे आहेत. ती अवश्य वापरावीत, पण आपण कोणाच्या कोडवर विसंबून आहोत याचे भान ठेवून. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने भांडारातून काढून घेतले, आणि त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर खोळंबली. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम होते. एखादे पॅकेज घेण्यापूर्वी ते स्वतः आणखी किती पॅकेजे ओढून आणते, हे पाहावे. पॅकेज-लॉक ही फाइल आपल्या कोडबरोबर जपून ठेवावी, कारण नेमक्या कोणत्या आवृत्त्या बसवल्या याची नोंद तिच्यात असते. पॅकेजे जेथे बसतात ते नोड मॉड्यूल्स हे अवजड फोल्डर मात्र गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, घालू नये; ते केव्हाही पुन्हा तयार करता येते.

आपला लहानसा सर्व्हर हाताशी असेलच, तर त्यात फाइल वाचून दाखवणारा तिसरा पत्ता जोडून पाहावा. एकदा वाचन संपेपर्यंत थांबणारे रीड फाइल सिंक वापरावे, एकदा सिंक हा शब्द नसलेले रीड फाइल, आणि मोठी फाइल देऊन मुखपृष्ठ केव्हा अडते ते टिपून ठेवावे.