दोन सेकंदाला एक थेंब

नमस्कार मंडळी. आज नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोरींशी बोलायचंय, पोरांशीपण, आणि त्यांच्या आईवडिलांशी तर जास्तच. इंटर्नशिपच्या अर्जाला शिफारसपत्रं लागतात, बऱ्याच ठिकाणी दोन मागतात, आणि मग आपल्याकडं घरात पहिला प्रश्न निघतो की ओळख कुणाची काढायची. तर आधीच सांगते, ज्यानं तुमचं काम डोळ्यानं बघितलंय त्याच्याकडून पत्र घ्या. मोठ्या माणसाकडून नाही, काम बघितलेल्या माणसाकडून.

माझ्या भाचीचं सांगते. बी.एस्सी. नर्सिंगचं चौथं वर्ष, पुण्यातल्या एका हॉस्पिटलात अर्ज करायचा होता. दाजींनी ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडून पत्र आणलं. छान लेटरहेड, गोल शिक्का, आणि आत तीन ओळी, की मुलगी सुस्वभावी आहे, घराणं चांगलं आहे, तिच्या वडिलांना मी कैक वर्षं ओळखतो. आता यावरून पुण्यातल्या माणसाला काय कळणार, पोरगी नाडी नीट बघते का, रात्रपाळीत जागी असते का?

मी म्हणलं, तुला काम करताना कुणी बघितलंय ते आठव. तर म्हणाली, मुलांच्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरनी, पण मावशी, त्या लई कडक आहेत, एकदा चार्ट अर्धवट राहिला तर सगळ्यांसमोर बोलल्या मला. म्हणलं, त्यांच्याकडंच जा.

सिस्टरनी दीड पान लिहून दिलं, हातानं. मी वाचलंय ते. त्यात एका रात्रीची हकीकत होती जी भाचीनं घरी कधी सांगितलीच नव्हती. जुलाबानं गळून गेलेलं एक वर्षाचं लेकरू, सलाईन चालू, तासाला 30 मिली द्यायचं. लहान मुलांच्या बारीक सेटमधून, म्हणजे बारीक थेंबांच्या सलाईनच्या नळीतून, 60 थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे मिनिटाला 30 थेंब, दोन सेकंदाला एक. ही पोरगी दर फेरीला हातातलं घड्याळ बाटलीशेजारी धरून थेंब मोजायची. पहाटे बघते तर थेंब मोजताच येईनात, धार लागल्यासारखं चाललेलं. तिनं आधी नळीवरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक फिरवून सलाईन बंद केलं, लेकराचा श्वास बघितला, नाडी बघितली, धावत सिस्टरना बोलावलं आणि किती जास्त गेलं ते तिथंच चार्टवर लिहिलं. चाक फिरवलं होतं आजीनं, बाटली लवकर संपली की लवकर घरी सोडतील म्हणून. भाची आजीवर ओरडली नाही. शेजारी बसून तिला सांगितलं की एवढ्याशा जीवाला पाणी भसाभस गेलं तर छातीत साठतं, दम लागतो. लेकरू सुखरूप घरी गेलं.

आणि हो, सलाईनच्या चाकाला नातेवाईकांनी हात लावूच नये, दहा-दहा जणं कॉटभोवती बसूही नये, हे मी मरेपर्यंत बोलणार.

तर सिस्टरनी हे सगळं लिहून शेवटी लिहिलं होतं, ‘ही मुलगी मोजते, आणि मोजलेलं लिहिते.’ पुण्यात मुलाखतीत तिला ह्याच रात्रीबद्दल विचारलं. निवड झाली.

आता मागायचं कसं, ते पटकन. दोन-तीन आठवडे आधी जा. हॅन्डओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवायच्या, घाईत नको, ड्युटी संपल्यावर. सोबत एक कागद न्या, त्यावर मार्कलिस्टवर आहे तसंच नाव, कुठल्या वॉर्डात कधीपासून कधीपर्यंत होता, कुठली केस स्टडी केली, पत्र कुणाच्या नावानं हवं आणि शेवटची तारीख. दुसरं पत्र कॉलेजच्या मॅडमकडून घ्या, अभ्यासाचं त्या सांगतील. स्वतःच लिहून नुसती सही मागू नका, सगळ्या पोरींची पत्रं मग एकसारखी निघतात. आणि परत सांगते, काम बघितलेला माणूस.

आपल्या सोलापूरला तर नर्सच्या कामाची किंमत कळायला पाहिजे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले, 1910 चा जन्म, 1938 साली चीनला गेले, भैया चौकात त्यांचं स्मारक आहे. पण त्यांच्या पत्नी ग्वो चिंगलान नर्स होत्या, नर्सिंग शिकवायच्या, हे किती जणांना माहितीय? नर्सचं नाव घ्यायचं आपण विसरतो, मला ते फार लागतं.

पत्र मिळालं की झेरॉक्स काढून ठेवा, आणि निकाल काहीही लागो, त्या माणसाला जाऊन सांगा. भाची पेढे घेऊन गेली तेव्हा सिस्टर हॅन्डओव्हर देत होत्या, पंधरा मिनिटं दारातच थांबली. मग सिस्टरनी विचारलं, तिथं मुलांचा वॉर्ड आहे का गं? आहे म्हणल्यावर त्यांनी तिचा हात धरून मनगट बघितलं, घड्याळाची काच तडकलेली होती. म्हणाल्या, जायच्या आधी नवीन घे, सेकंदकाट्याचंच घे.