कवायतीसाठी बांधलेलं दालन

1859 साली फ्रेंच सम्राट तिसरा नेपोलियन चाल करून येतोय, अशी आवई ब्रिटनभर उठली. फ्रेंच काही आले नाहीत, पण त्या धास्तीतून स्वयंसेवक दल उभं राहिलं. दिवसा नोकरी-धंदा करायचा, संध्याकाळी बंदूक खांद्यावर घ्यायची. पण तिथल्या पावसात कवायत करणार कुठे, आणि बंदुका कुलपात ठेवणार कुठे? म्हणून गावोगावी ड्रिल हॉल बांधले गेले, बरेचसे वर्गणी काढून.

साचा साधारण ठरलेला. रस्त्याला लागून कचेरी, शस्त्रागार, अधिकाऱ्यांची खोली. काही ठिकाणी दर्शनी भिंतीला किल्ल्यासारखे बुरूज आणि वर चऱ्या, म्हणजे खाचाखाचांचा कठडा. त्या चऱ्यांआडून गोळी कुणी झाडणार नव्हतं, सगळा रुबाब!

खरी इमारत मागे आहे. अख्ख्या तुकडीला रांगेत चालता-वळता यावं म्हणून या दालनात मधे एकही खांब नाही. छपराचा भार लोखंडी कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे पेलतात आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरवतात. उजेड छतातल्या काचांमधून येतो.

1908 मध्ये स्वयंसेवक दल प्रादेशिक सेनेत विलीन झालं. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात, डाल्मेनी स्ट्रीटवरचा हॉल रॉयल स्कॉट्स या पायदळ रेजिमेंटच्या सातव्या बटालियनचा. लीथ तेव्हा एडिनबरोपासून वेगळं शहर होतं, आणि बटालियनमध्ये बरीचशी तिथलीच पोरं. पहिल्या महायुद्धात, 22 मे 1915 च्या सकाळी, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीसाठी निघालेली त्यांची रेल्वेगाडी स्कॉटलंडमधल्याच क्विंटिन्सहिलला उभ्या लोकल गाडीवर आदळली. पाठोपाठ लंडनहून आलेली एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. डबे लाकडी, दिवे गॅसचे; आग भडकली. दोनशेहून अधिक सैनिक गेले, कित्येकांची ओळखही पटली नाही. शवपेट्या याच हॉलमध्ये आणून मांडल्या.

1967 च्या लष्करी कपातीनंतर ब्रिटनमधले बरेच हॉल रिकामे झाले. काही पाडले, काहींत गोदामं आली. फ्लॅट करायचे तर दालनात मजले घालावे लागतात, कैच्या झाकल्या जातात. कुठे तर दर्शनी भिंत जपून मागचं दालनच पाडतात. हे उफराटं वाटतं. चऱ्या काय, कुठल्याही हौशी बंगल्यावर सापडतील.

लीथचं दालन मात्र शाबूत आहे. आउट ऑफ द ब्लू ही कलासंस्था ते चालवते. खोल्यांमध्ये कलाकारांचे स्टुडिओ आहेत, आणि कवायतीच्या जागेत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.