कंबर उतरू द्या, मांडी जपा

(नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात एका फिजिशियननी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेल्या काकामंडळींना त्यांची कंबर विचारली तर बहुतेकांचं उत्तर येईल, 'चौतीस'. तो पँटचा नंबर झाला. पोट पुढे आलं की आपण पट्टा पोटाखाली सरकवतो आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. शिंपीही भिडेखातर काही बोलत नाही. कंबर मोजायची ती अशी: उभं राहायचं, कुशीतली सगळ्यात खालची बरगडी चाचपायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपायची आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरायचा. श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. आकडा दुसऱ्याने वाचावा, म्हणजे वाद नको. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर आणि बायकांसाठी 80 ही मर्यादा धरतात. 90 सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. त्याच्या वर असाल, तर वजनकाटा काहीही म्हणो, आजचा विषय, म्हणजे पोटाची चरबी, इन्सुलिन आणि वजन उतरवणारी औषधं, तुमचाच आहे.

'पण डॉक्टर, मी जाड कुठे आहे?' हे मी रोज ऐकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. त्यांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपलं बाळ हाडामांसाने बारीक, पण पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे चरबी जपायची आणि स्नायूंत काटकसर करायची, ही आपली रीत पोटातूनच सुरू होते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 23 झाला की वजन जास्त म्हणतात आणि 25 ला स्थूलता. गोऱ्यांचे 25 आणि 30 आपल्याला लावायचे नाहीत.

आता इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होणं. जेवणानंतर रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि ती साखर मुख्यतः स्नायूंत जाते. इन्सुलिन यकृतालाही सांगतं, आता तू साखर बनवू नकोस. पोटातली चरबी वाढली, ती यकृतात आणि स्नायूंत झिरपली, की दोघंही ऐकेनासे होतात. पहिल्या हाकेला मूल येत नाही म्हणून आई आवाज चढवते, तसं स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं. या काळात साखरेचा रिपोर्ट छान नॉर्मल येतो. आवाज बसला, की साखर चढते आणि मग आपण म्हणतो, 'अचानक शुगर निघाली'. अचानक काही नसतं. मानेवर काळपट मखमली पट्टा येतो, तो घासून जात नाही. बारीक चामखिळी येतात. मुलींची पाळी पुढे पुढे जाते. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी 150 च्या वर जाते, एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे 10.1 कोटी लोक निघाले आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 13.6 कोटी. ते 13.6 कोटी लोक औषधाच्या दुकानात दिसत नाहीत, मिसळीच्या रांगेत दिसतात.

हसू नका, मीही त्या रांगेत असतो. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरकडे कोण येईल? रविवारची प्लेट डोळ्यांसमोर आणा. मटकीची उसळ, वर फरसाण, तर्रीदार रस्सा, दोन पाव, पापड, दही, कांदा-लिंबू आणि कडेला जिलबी. यात मटकी, दही आणि कांदा सज्जन आहेत. दोन पावांतून मिळून साधारण 50 ग्रॅम पिष्ट पोटात जातं, आणि 'अजून दोन पाव आण रे' झालं की 100. जिलबी वेगळी. मटकी मात्र प्लेटच्या तळाशी शोधावी लागते. माझं म्हणणं एवढंच: मटकी दुप्पट मागा, फरसाण अर्ध्यावर आणा, पाव एक, जिलबी शेजारच्याला. आणि आधी उसळ, दही, कांदा खा, पाव शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली आणि पिष्ट नंतर, तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे मोजून पाहिलेलं आहे.

घरच्या ताटाचं दुखणं वेगळं नाही. आयसीएमआरच्याच पाहणीत भारतीय आहारातले सुमारे 62 टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात असं दिसलं. पोळी, भात, बटाट्याची भाजी आणि वाटीच्या तळाला दिसणारं वरण. त्यातून कुणी सांगतं, 'पोळी बंद केली, आता ज्वारीची भाकरीच खातो.' फार छान. किती? 'तीन.' एक भाकरी जवळजवळ दोन फुलक्यांची असते हो! ज्वारी, बाजरी, आपल्या पेठ-सुरगाण्याची नागली ही चांगली धान्यं आहेत, पण धान्यंच आहेत. उपवासाचं तर बोलायलाच नको. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते साबुदाण्यालाच बघून. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात. 15-20 मण्यांत साधारण 15 ग्रॅम साखर असते. तेवढे जेवणासोबत खा, मला हरकत नाही. टीव्हीसमोर घमेलं घेऊन बसू नका.

'दीक्षित की दिवेकर?' हा प्रश्न चिठ्ठीवर आलाच आहे, तर आत्ताच उरकतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दोनदा जेवा, प्रत्येक वेळी 55 मिनिटांत. ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं थोडं, वेळच्या वेळी खा. माझ्याकडे दोन्ही पंथांतले बारीक झालेले लोक येतात आणि दोन्ही पंथांतले न झालेलेही. जो बारीक झाला त्याचा दिवसभराचा घास कमी झालेला असतो, मग पंथ कुठलाही असो. एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. तुमच्या गोळीच्या नावात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा तुम्ही इन्सुलिन टोचत असाल, तर डॉक्टरला न विचारता जेवण गाळू नका. साखर 70 च्या खाली जाऊन माणूस गाडी चालवताना गरगरतो. आपल्याकडे मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड एकाच गोळीत सर्रास असतं आणि घेणाऱ्याला वाटतं, आपण 'साधी शुगरची गोळी' घेतोय. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर ही भीती जवळजवळ नाही. औषध जुनं आहे, 1957 साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहासाठी वापरून दाखवलं. ते मुख्यतः यकृताची साखर बनवण्याची खोड मोडतं. वजन त्याने दोन-तीन किलो उतरलं तर नशीब समजा, ते वजनाचं औषध नाही. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये मेटफॉर्मिनने मधुमेह होण्याचं प्रमाण 31 टक्क्यांनी घटलं, आणि आहार-व्यायामाने 58 टक्क्यांनी. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी तसाच अभ्यास केला, 2006 साली आकडे आले. आहार-व्यायाम 28.5 टक्के, मेटफॉर्मिन 26.4, तेही दिवसातून दोनदा अवघे 250 मिलिग्रॅम. आणि दोन्ही एकत्र? 28.2. बेरीज झालीच नाही. मला हा आकडा फार आवडतो, कारण 'दोन्ही केलं की फायदा दुप्पट' या हिशेबाला तो खोडा घालतो. पोट बिघडतं, गॅस होतो, हे खरं. म्हणून लहान डोसपासून सुरू करायचं, जेवणानंतर घ्यायची, सावकाश विरघळणारी गोळी मिळते ती मागायची. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी मंडळींनी, बी-12 तपासायचं. तळपायाला मुंग्या आल्या की सगळेच 'शुगरमुळे' म्हणतात, कधी कधी ते बी-12 असतं. मूत्रपिंड फार अधू असेल तर हे औषध चालत नाही.

आता ज्यासाठी अर्धं सभागृह आलंय, ते वजन उतरवणारं इंजेक्शन. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला म्हणतं, पुरे. पण रक्तात ते दोन-चार मिनिटंच टिकतं. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालवर्गीय प्राण्याच्या लाळेत त्याच्यासारखाच, पण टिकाऊ पदार्थ सापडला आणि त्यावरून 2005 साली पहिलं औषध बाजारात आलं. पालीला किंचाळणाऱ्या घरांतून आता तिच्या चुलतबहिणीची कृपा मागितली जातेय! त्याच जातीचं आजचं औषध सेमाग्लुटाइड आठवडाभर टिकतं. टिर्झेपॅटाइड दोन संप्रेरकांचं काम करतं, ते भारतात मार्च 2025 मध्ये आलं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं, टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत 20 टक्क्यांच्या वर. ही औषधं खरोखर काम करतात. ती घेणं म्हणजे आळशीपणा, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. भूक हा स्वभावदोष नव्हे.

पण सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 ची. किंमत उतरते तशी हौस वाढते, आणि माझी काळजी तिथे सुरू होते. सातपूरचे एक गृहस्थ आले, पन्नाशीचे. इंजेक्शन घेऊन 11 किलो उतरलेले, चेहरा खूश. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घेतला. मी विचारलं, 'सकाळी काय खाता?' 'चहा आणि दोन टोस्ट. भूकच नसते.' दुपारी? 'अर्धी पोळी, लोणच्याला लावून.' संध्याकाळी चहा-खारी. रात्री कधी पेज, कधी काहीच नाही. हिशेब केला तर दिवसाची प्रथिनं 20 ग्रॅमही भरेनात. वजन उतरताना नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. आपण आधीच स्नायूंचे गरीब. साखर जाऊन बसणार ती मांडीच्या, पाठीच्या स्नायूंत, आणि आपण ते घरच मोडून टाकतोय. पुढे इंजेक्शन बंद झालं की उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग वर्षभरात परत आला, असं चाचणीतच दिसलंय. परत येते ती बरीचशी चरबी असते. म्हणजे वजन तेच, पण माणूस आधीपेक्षा अधू.

म्हणून हे औषध चालू असताना कमी खा असं मी सांगतच नाही, ते औषधच सांगतं. मी सांगतो की जे चार घास जातात त्यांत पहिला घास प्रथिनांचा. सत्तर किलोच्या माणसाला वजन उतरवताना दिवसाला साधारण 70 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवीत, मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर आधी विचारून. अंड्यात 6, वाटीभर घट्ट वरणात किंवा उसळीत 6-7, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18, सोयाबीनच्या कोरड्या वड्यांचं जवळजवळ निम्मं वजन प्रथिनाचं. पोळीत 3. टोस्टमधून मांडी होत नाही. आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना ओझं द्या. गोल्फ क्लबच्या मैदानावर गप्पा मारत फेऱ्या घालणं चांगलंच आहे, जेवणानंतर चाललात तर स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात. पण त्याने मांडी भरत नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, भिंतीला पाठ टेकून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसा, डंबेल्स उचला. घरी एक तपासणी करा: हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. 15 सेकंदांहून जास्त लागले तर वजनाआधी मांडीची चिंता करा.

इंजेक्शनने मळमळ, बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते, डोस सावकाश चढवला तर सोसवते. भरभर वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीत कळ गेली तर घरी थांबायचं नाही. घराण्यात मेड्युलरी जातीचा थायरॉइडचा कर्करोग असेल तर हे औषध नाहीच.

चिठ्ठ्या दोनच घेतो. 'इन्सुलिनची तपासणी करू का?' बहुतेकांना गरज नाही. लॅब बदलली की आकडा बदलतो. कंबर, एचबीए1सी म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर आणि लिपिडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, रिपोर्ट एवढ्यावर मला पुरेसं कळतं.

दुसरी एका आईची आहे. मुलीला पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड, आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, डिसेंबरात लग्न, तोवर इंजेक्शनने बारीक करता येईल का? ताई, लग्नाच्या फोटोसाठी हे औषध मी देत नाही. तिचं वजन आणि कंबर औषध देण्याइतकी जास्त असेल तर जरूर विचार करू, पण मग वर्ष-दीड वर्षाचा विचार. मेटफॉर्मिनने पाळी रुळावर येते तेव्हा दिवसही राहू शकतात, हे तिला माहीत हवं. आणि मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं, तेव्हा लग्नानंतरचा बेत आधी त्या दोघांना विचारा. तिला घेऊन या, जुने रिपोर्ट आणा. आणि दिवसभरात ती काय खाते ते तिच्याच तोंडून ऐकू या, तुम्ही बाहेर बसा.