सातही नावं ग्रीक होती

(वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समुदायात, नवी पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मगुरूंना सल्ला देणारं श्रद्धावंतांचं मंडळ, स्थापन होण्याआधी चर्चच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फादर, सिस्टर्स आणि मंडळी,

मिस्सा, आपली उपासना, संपल्यावर तुम्ही एवढे जण थांबलात, त्यात थोडा वाटा बाहेरच्या पावसाचा आहे हे मला माहीत आहे. तरी आभार.

आपण जी कौन्सिल नेमणार आहोत, तिचं कागदोपत्री नाव आहे पालकीय मंडळ. बोलताना आपण कौन्सिलच म्हणतो, मीही तेच म्हणेन. मी धर्मगुरू नाही, शाळामास्तर होतो, आणि दोन मुदती एका कौन्सिलचा सचिव होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात.

आमची पहिली सभा मला लख्ख आठवते. विषय पाच होते. पहिला, सणाचा मंडप. गेल्या वर्षीचाच मंडपवाला ठेवायचा की बदलायचा, रोषणाई कुठपर्यंत न्यायची, बँड कुठला, गाड्या कुठे लावायच्या. पावणेदोन तास गेले. शेवटचा विषय होता ‘घरभेटी’. माझ्या वहीत त्यापुढे लिहिलंय, ‘वेळेअभावी पुढील सभेत’. पुढच्या सभेच्या पानावरही तेच. मुदत संपल्यावर मी वही चाळली तर ते वाक्य माझ्याच अक्षरात सहा वेळा सापडलं. मंडप मात्र दरवर्षी छान झाला.

तेव्हा पहिली विनंती ही की सणाची समिती वेगळी करा. मंडपाचा शब्द कौन्सिलच्या वहीत येऊ देऊ नका.

आता कायद्याकडे वळतो. कौन्सिलचं नाव निघालं की कोणीतरी हळूच म्हणतंच, ‘आपल्याला कुठे अधिकार आहे? फक्त सल्ला द्यायचा.’ ते खरं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 साली प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांच्या) प्रेषितकार्याविषयीच्या फर्मानात, शक्य तिथे धर्मग्राम पातळीवरही अशी मंडळं असावीत असं म्हटलं. 1983च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम 536 आलं. बिशपांनी आपल्या धर्मगुरूंच्या मंडळाचं मत ऐकून योग्य वाटल्यास प्रत्येक धर्मग्रामात कौन्सिल नेमावी, प्रमुख धर्मगुरू तिचे अध्यक्ष असावेत, आणि तिचं मत सल्ल्यापुरतं असावं. 1997 साली व्हॅटिकनने आणखी स्पष्ट केलं, की धर्मगुरू अध्यक्षस्थानी नसताना किंवा त्यांच्या इच्छेविरुद्ध भरलेल्या सभेचे निर्णय रद्दबातल समजावेत. म्हणजे फादरांना वगळून कोणाच्या ओट्यावर बसून ठराव करायचा रस्ता बंद.

गंमत पुढच्या कलमात आहे. 537 सांगतं की प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. तिथे ‘योग्य वाटल्यास’ नाही. पैशाचं मंडळ सक्तीचं आणि माणसांचं मंडळ ऐच्छिक, हे मला कधी नीट पचलं नाही. बहुधा रोमलाही पचत नसावं, कारण ऑक्टोबर 2024मध्ये रोमला भरलेल्या सिनडच्या, म्हणजे चर्चच्या जागतिक सभेच्या, अंतिम दस्तऐवजाने आग्रह धरला की अशी मंडळं सक्तीची करा, आणि ती नावापुरती नकोत, चालती हवीत.

पण ‘फक्त सल्ला’ हा शब्द मला कमीपणाचा वाटत नाही. घरात लग्न ठरतं तेव्हा आजीला कुठे मताधिकार असतो? बोलणी बाप करतो, हो-नाही तोच सांगतो. पण आजी कोपऱ्यातून म्हणाली, ‘मला काय ते घर पटत नाही बाबा,’ की सगळ्यांचे चहाचे कप जागच्या जागी थांबतात. कारण आजीला त्या घरातलं काहीतरी माहीत असतं, जे बापाला नसतं. सल्ल्याला वजन येतं ते असं. फादरांना आधीच माहीत असलेलं जर कौन्सिल त्यांना परत सांगणार असेल, तर त्या सल्ल्याची किंमत चहा-समोशाइतकीच.

आणि सल्ला न घेण्याचा इतिहासही आपल्या इलाख्याला आहे. 1853 साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रोमने नेमलेले बिशप हार्टमन आत आणि पाद्रोआदोच्या, म्हणजे इथल्या चर्चवरच्या पोर्तुगीज राजाच्या हक्काच्या, बाजूचे लोक बाहेर वेढा घालून, असं काही दिवस चाललं होतं. कौन्सिल असती तर ते टळलं असतं असं मी म्हणत नाही, तो वाद फार मोठा होता. पण आपल्या लोकांना मत नव्हतं असं कोणी म्हणू नये. मत होतं, फक्त ते दारावर धडका देऊन सांगावं लागलं.

आता बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय डोळ्यांपुढे आणा. आपण तो वाचतो आणि स्तेफनाकडे धावतो, कारण तो पुढे रक्तसाक्षी झाला, श्रद्धेसाठी जीव दिला. मी तुम्हाला त्याच्या आधीच्या भांडणात थांबवतो. यरुशलेममध्ये रोजचं अन्नवाटप होत होतं. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली, की वाटपात आमच्या विधवांना वगळलं जातं. वगळणारे दुष्ट होते असं तिथे लिहिलेलं नाही. बहुधा त्यांना त्या विधवा दिसतच नव्हत्या. वाढणारे एका भाषेचे आणि उपाशी राहणाऱ्या दुसऱ्या भाषेच्या. येशूच्या बारा प्रेषितांनी सगळ्या समुदायाला बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातून सात जण निवडा. निवडले कोण? स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक.

इथे एक शंका मी स्वतःच काढतो, नाहीतर मागून फादर काढतील. ग्रीक नाव म्हणजे माणूस ग्रीक बोलणाराच, असं नाही. बारा प्रेषितांतही फिलिप आणि अंद्रिया होतेच. कबूल. पण बारांत दोन वेगळे आणि सातांत सात वेगळे. मला तरी असं दिसतं, की ज्यांच्या पंगतीत ताट रिकामं राहिलं, त्यांच्याच हाती पळी दिली.

आता आपली पंगत बघा. 22 मे 1998 रोजी मुंबईपासून वेगळा होऊन वसई हा स्वतंत्र बिशपांचा धर्मप्रांत झाला. तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे वसई म्हणजे रेल्वेच्या पश्चिमेची गावं होती. सामवेदी, वाडवळ, कोळी, प्रत्येकाची बोली वेगळी, पण सगळ्यांची चर्चची भाषा मराठी. आज स्टेशनाजवळच्या इमारतींत जा. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तमिळ, छोटा नागपूरकडचे आदिवासी ख्रिस्ती. आपण त्यांना ‘बिल्डिंगवाले’ म्हणतो. ते आपल्याला काय म्हणतात ते आपल्या कानावर येत नाही, कारण आपण विचारलेलं नाही.

माझ्या दुसऱ्या मुदतीत एकदाच्या घरभेटी झाल्या. खालच्या टपालपेट्यांवरची नावं वाचत आम्ही दोघं एका इमारतीत चढलो. तिसऱ्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडलं. केरळच्या नर्स, रात्रपाळी करून झोपलेल्या. आम्ही माफी मागून निघणार, तर म्हणाल्या, ‘चार साल में चर्च से कोई नहीं आया। पैसा माँगने भी नहीं।’ ते शेवटचं वाक्य मला अजून बोचतं. त्या बाई रविवारच्या मिस्सेला का येत नाहीत, हे मग कळलं. शनिवारची रात्रपाळी संपवून घरी पोहोचेपर्यंत आपली शेवटची मिस्सा संपलेली असते. त्यांच्या हॉस्पिटलात अशा आणखी किती तरी जणी होत्या. आम्ही कौन्सिलमध्ये होतो एकवीस माणसं, आणि हे एकालाही माहीत नव्हतं. फादरांनाही नव्हतं. पुढच्या सभेत विषय आला, दहा मिनिटं बोलणं झालं, आणि फादरांनी रविवारी संध्याकाळची मिस्सा सुरू केली. मतदान नाही, ठराव नाही. फक्त सल्ला.

पुढे त्या बाईंना कौन्सिलवर घेतलं. त्यासाठी सभेची वेळ बदलावी लागली, तेव्हा दोन जुने सभासद रुसले. वृत्तान्त मराठीत असायचा, तो मी त्यांना हिंदीतून सांगायचो. माझं हिंदी ऐकून त्या हसायच्या, आणि सहा महिन्यांत स्वतःच मराठी वाचायला लागल्या.

म्हणून माणसं कशी निवडायची, यावर मी जास्त वेळ घेतो. सभासद साधारण तीन वाटांनी येतात. काही पदामुळे, म्हणजे सहायक धर्मगुरू, कॉन्व्हेंटच्या सिस्टर. काही प्रत्येक समूहातून, म्हणजे शेजारच्या घरांच्या प्रार्थनागटातून, निवडून. काही फादरांनी नेमलेले. आकडे आणि मुदत धर्मप्रांताच्या नियमावलीप्रमाणे ठेवा, त्यात डोकं घालू नका.

निवडणुकीचं मात्र सांभाळा. वसईकराला निवडणूक म्हटली की अंगात येतं. ग्रामपंचायत झाली, पतपेढ्या झाल्या, सहकारी बँका झाल्या. उमेदवार उभे राहिले की पॅनेल पडतं, पॅनेल पडलं की आळीविरुद्ध आळी, आणि मग हरलेला माणूस तीन वर्षं मिस्सेला मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसतो. उमेदवारी अर्जच ठेवू नका. समूहाच्या प्रार्थनेनंतर चिठ्ठ्या वाटा, प्रत्येकाने दोन नावं लिहावीत, त्यातलं एक बाईचं. ज्याचं नाव येईल त्याला घरी जाऊन विचारा. नको म्हणाला तर पुढचं नाव.

नेमलेल्या जागा आधी भरू नका, फादर. हे मी हात जोडून सांगतो. नेहमी होतं काय, की यादी करायला बसलो की वकील, इंजिनियर, माजी सरपंच ही नावं आधी सुचतात. ती माणसं चांगली असतात, पण ती आधीच गायनवृंदात, शाळेच्या समितीत आणि गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल संस्थेत असतात. एकच माणूस चार खुर्च्यांवर. आधी समूहांची नावं येऊ द्या. मग यादी समोर ठेवून विचारा, यात कोण नाही? भाड्याने राहणारं कोणी नाही? विशीतलं कोणी नाही? ज्यांचा नवरा ख्रिस्ती नाही अशी कोणी नाही? त्यांच्यासाठी त्या जागा. संत बेनेडिक्टच्या मठाच्या नियमावलीत तिसरा अध्याय सल्ल्यावर आहे. महत्त्वाचं काम निघालं की मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा प्रभू अधिक चांगलं ते लहानालाच दाखवतो. आमच्याकडे लहानाला सभेत माइक लावायला बोलवतात.

पैशाचं थोडक्यात. काय हवं ते कौन्सिलने सांगावं, परवडतं की नाही ते अर्थसमितीने. आणि कलम 1287 म्हणतं की श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा. तो नोटीसबोर्डवर लावा, कोपऱ्यात नव्हे, चपला काढतो तिथे.

सभेविषयी दोनच गोष्टी. विषयपत्रिका आठवडाभर आधी घरी पोहोचू द्या, म्हणजे माणूस शेजाऱ्याला विचारून येतो. आणि फादरांनी शेवटी बोलावं. प्रमुख धर्मगुरू पहिल्या मिनिटाला ‘मला असं वाटतं’ म्हणाले की पुढचा तास आम्हा सगळ्यांना तसंच वाटतं. सल्ला मानला नाही तर हरकत नाही, पण का मानला नाही ते त्याच टेबलावर सांगा. धर्मसंहितेचं कलम 212 आपल्याला आपलं मत पाळकांपुढे मांडायचा हक्क देतं, आणि कधी कधी ते कर्तव्य आहे असंही म्हणतं. कर्तव्य बजावलेल्या माणसाला उत्तर मिळालं नाही, की तो तिसऱ्या सभेपासून येत नाही. भांडत नाही. येत नाही.

शेवटी वही. फादर काही वर्षांनी बदलून जातात, सिस्टर जातात. नवे फादर येतात तेव्हा त्यांना धर्मग्राम कोण सांगतं? जो पहिला भेटायला जातो तो. म्हणून वही नीट ठेवा, आणि नवे फादर आले की पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात द्या. कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, कुठल्या इमारतीत आपण अजून गेलोच नाही, हे त्यात असू द्या. माझ्या वहीत ती सहा वाक्यंही आहेत, ती मी खोडली नाहीत.

पुढच्या रविवारी समूहांच्या चिठ्ठ्या निघतील. आता प्रश्न विचारा. पुढच्या रांगेतल्यांनी जरा थांबा, तुम्ही मला घरी येऊनही विचाराल. ते मागे दाराजवळ छत्री घेऊन उभे आहेत, त्यांच्यापासून सुरू करू. हिंदीत विचारलं तरी चालेल.