दोन विरुद्ध एक

३ सप्टेंबर २०१०, दिल्ली. निवड समितीसमोर तीन नावं आहेत. त्यांतून केंद्रीय दक्षता आयुक्त ठरणार आहे. सरकारी भ्रष्टाचारावर नजर ठेवण्याचं काम त्याचं. समितीत पंतप्रधान मनमोहन सिंग, गृहमंत्री पी. चिदंबरम आणि लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज. पी. जे. थॉमस यांच्या नावाला स्वराज हरकत घेतात. केरळच्या पामतेल आयात प्रकरणात थॉमस यांच्यावर आरोपपत्र आहे. तरीही दोन विरुद्ध एक असं ते नाव पक्कं होतं.

३ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालय ही नेमणूक रद्द करतं. थॉमस दोषी आहेत, असं न्यायालय म्हणालं नाही, हे आवर्जून सांगायला हवं. चूक सापडली ती निवडीच्या पद्धतीत. त्यांच्यावर शिक्षेची विभागीय कारवाई करावी, अशा टिपण्या २००० ते २००४ या काळात कार्मिक विभागाच्या फायलींत होत्या. त्या समितीसमोर आल्याच नाहीत. या माणसाच्या हाती संस्थेची विश्वासार्हता शाबूत राहील का, हे कोणी तपासलंच नाही.

निकालातली एक सूचना मला सगळ्यांत मोलाची वाटते. असहमत सदस्याने आपली कारणं लिहावीत. आणि बहुमताने ती फेटाळली, तर बहुमतानेही लिहावीत. ‘नाव वरून आलंय’ हे कारण कोणी कागदावर लिहीत नाही.

पण लिहिलेलं कपाटातच राहिलं तर? माहिती अधिकाराखालची अपिलं ऐकणाऱ्या माहिती आयुक्तांच्या बाबतीत हाच प्रश्न आला. कायदा म्हणतो, विधी, विज्ञान, समाजसेवा, पत्रकारिता अशा क्षेत्रांतली नामवंत माणसंही घ्या. प्रत्यक्षात खुर्च्या मिळत गेल्या त्या बहुतेक निवृत्त सनदी अधिकाऱ्यांना. अंजली भारद्वाज आणि इतरांच्या याचिकेवर १५ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: नावं सुचवणाऱ्या शोध समितीत कोण आहे, नावं कोणत्या निकषांवर निवडली, हे संकेतस्थळावर टाका. आणि पद रिकामं होण्याच्या एक-दोन महिने आधीच निवड सुरू करा.

ही शेवटची अट किरकोळ नाही. खुर्ची रिकामी ठेवली की अपिलं साचतात, माहिती मागणारा ताटकळतो. नियामक दुबळा करायला मग चुकीचा माणूस नेमण्याचीही गरज उरत नाही.

त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. पाच वर्षांची मुदत नव्या नियमांनी तीन वर्षांवर आली.